बसलेला घसा

"हां भाऊ, बोला," रूपा म्हणाली आणि पलीकडचा आवाज एकदम थांबला.

रविवार होता आणि पाण्याचा दिवस होता. शहराचं नाव बदललं, चौकाचौकांतल्या पाट्या बदलल्या, पण नळ आठव्या दिवशी येतो तो आठव्याच दिवशी येतो, आणि आला की घरातलं माणूस दुसऱ्या कुठल्या कामाचं उरत नाही. रूपा अंगणात एका हातानं नळी ड्रममध्ये धरून उभी होती आणि फोन कान नि खांदा यांच्यात दाबलेला होता. स्क्रीनवर 'संस्कृती घर' असं आलं होतं. संस्कृती म्हणजे तिच्या शाळेतली बारावीची मुलगी, शेंद्र्याची, वेटलिफ्टिंग करणारी. रूपा त्या शाळेत खेळाची शिक्षिका. पोरीच्या घरात फोन एकच. शाळेशी बोलायचं ते वडीलच बोलत. आत्ता "हॅलो, नमस्कार मॅडम" असं जे कानावर आलं ते इतकं जाड आणि खरखरीत होतं की हे सांडूभाऊच, कंपनीतून पाळी करून आलेले, असं रूपानं न विचारताच धरून टाकलं.

"मॅडम," तोच आवाज म्हणाला, "मी संस्कृती."

"घसा बसलाय का गं?" रूपानं विचारलं.

"व्हय. सर्दी झालीय."

"कधीपासून?"

"दिवाळीपासून."

माघ संपत आला होता. एवढे दिवस शाळेत पोर नुसती मान हलवत होती, आणि रूपानं तिला कधी बोलतं केलं नव्हतं. "पुंजाराम सर काय म्हणले?"

"मेहनतीनं व्हतं म्हणले. गरम पाणी पीत जा म्हणले." मग पोर घाईघाईनं म्हणाली, "मॅडम, बोनाफाईड पायजे व्हतं. राज्य स्पर्धेला दहाच दिवस राहिलेत. उद्या भेटंल का?"

भेटेल, असं रूपा म्हणाली असावी. फोन बंद झाला. ड्रम भरून वाहत होता, आठ दिवसांनी आलेलं पाणी उंबऱ्यापासून गटारीकडे चाललं होतं, आणि नळ बंद करायला हवा हे कळत असूनही तिचा हात उठेना.

पंचवीस वर्षं लोक तिला फोनवर सर म्हणत आले होते. गॅसवाला, बँकेतली मुलगी, पार्सल घेऊन गल्लीच्या तोंडाशी उभा राहिलेला माणूस: सर, लोकेशन पाठवा ना सर. सुरुवातीला ती दुरुस्त करायची. मग समोरचा गोंधळायचा, सॉरी म्हणायचा, एखादा हसायचा, आणि त्या हसण्यापेक्षा सर परवडलं असं ठरवून कधीतरी तिनं ते सोडून दिलं. एकदा बघून गेलेल्या मुलाकडचा फोन आला होता, तो तिनंच उचलला. तुम्ही मुलीचे भाऊ का, असं पलीकडच्या बाईनं विचारलं. रूपा म्हणाली, मीच मुलगी. त्या घरून परत फोन आला नाही. असं सगळं अंगवळणी पडतं, माणूस कशालाही सरावतं. पण आज तिनंच एका सतरा वर्षांच्या पोरीला भाऊ म्हटलं होतं, आणि पोरीनं ते न हसता, न चिडता ऐकून घेतलं होतं. इतक्या लवकर कशी शिकली ती हे, असं रूपाच्या मनात आलं आणि तिला फार थकल्यासारखं झालं. ती ड्रमच्या कडेलाच टेकली.

गरम पाणी. तिलाही हेच सांगितलं होतं, याच शब्दांत. पदमपुऱ्याच्या अंगाला पुंजाराम सरांची पत्र्याची व्यायामशाळा तेव्हा होती आणि अजूनही आहे. सर दौलताबादकडच्या शेतकरी घरातले, स्वतः वजनं उचलणारे, गुडघा गेल्यावर गुरू झालेले. अजून फोन आला की नाव बघत नाहीत. चष्मा खिळ्याला, फोन कानाला. आपल्या पोरीचा आवाज ज्याला ओळखता येत नाही तो गुरू कसला, असं वर ऐकवतात. त्यांनी कधी फी घेतली नाही. घरच्या म्हशीचं दूध बाटलीत भरून सायकलवरून आणायचे आणि सगळ्या पोरींना एकाच पेल्यातून पाजायचे, छावणीच्या वस्तीतली रूपाही त्यातच. आधी ती प्यायली आणि मग पाटलाच्या पोरीनं तोच पेला तोंडाला लावला, हे घरी येऊन सांगितलं तेव्हा तिचे वडील धोंडिबा दुसऱ्याच दिवशी स्वच्छ सदरा घालून सरांना भेटून आले होते. त्या एका पेल्यासाठी त्यांनी सरांना मरेपर्यंत मानलं. त्यामुळे एकोणिसाव्या वर्षी, स्पर्धेला चार महिने असताना, सरांनी जेव्हा एक कुपी फोडली आणि ताकदीचं आहे म्हणाले, तेव्हा आत काय आहे हे विचारायचं रूपाच्या मनातही आलं नाही. ज्यानं पेला दिला त्याला सुईतलं विचारायचं नसतं. निदान त्यांच्या घरात तरी ते बसत नव्हतं.

बार हलका झाला. ते खोटं कसं म्हणायचं? आदल्या महिन्यात जो खांद्यापर्यंत येईना तो डोक्यावर जाऊन थांबायला लागला, आणि तो थांबला की पत्र्याखालच्या त्या उकाड्यात असं काही सुख व्हायचं की तसं पुन्हा कशानं झालं नाही. पाळी थांबली. मेहनतीनं थांबते, बरंच झालं की, असं सर म्हणाले. हनुवटीखाली केस आले. आणि त्या हिवाळ्यात घसा बसला तो बसलाच. घशाच्या डॉक्टरनं आत आरसा घालून पाहिलं आणि आता हा असाच राहणार म्हणाला. कशानं झालं असेल, असं त्यानं विचारलं. तिनं सर्दी सांगितली.

धोंडिबांची गायनपार्टी होती. जयंतीला छावणीच्या मंचावर बापलेक गायचे आणि उंच पट्टीतली ओळ रूपाची असायची. ती ओळ आली की बायका पोरांना उचलून खांद्यावर घ्यायच्या. त्या वर्षी तालमीला तिनं तोंड उघडलं आणि बापाचा पेटीवरचा हात थांबला. त्यानं पट्टी खाली घेतली. मग अजून खाली घेतली. मग पेटीचा भाता लावत म्हणाला, "यंदा धम्मपालच्या पोरीला गाऊ दे. तुला स्पर्धेची दगदग हाय." त्यानं कधी विचारलं नाही आणि तिनं कधी सांगितलं नाही, आणि आता बाप राहिला नाही. विहारात वंदना चालू झाली की रूपा अजूनही नुसते ओठ हलवते.

सुवर्णपदक आलं. खेळाडूंच्या जागेवर शाळेत नोकरी आली, आणि नोकरीबरोबर घरात पक्की भिंत आली, आईला मान आला. सुई त्याच वर्षी सुटली. बूच मात्र सुटलं नाही. स्टेजवर जायच्या आधी सर ब्रँडीच्या बाटलीचं बूच भरून पुढे करायचे, एकच बूच, छातीतली धडधड बसते म्हणून. ती धडधड पुढेही जागोजागी भेटत गेली. मुख्याध्यापिकेपुढे जायचं, पालकसभेत बोलायचं, आईचे रिपोर्ट ऐकायचे, की आधी एक बूच. बाटली पिठाच्या डब्यामागे असते. दिवसाला एक, हल्ली दोन. तीन झाली त्या दिवसांबद्दल ती स्वतःशीही बोलत नाही.

आणि संस्कृतीला तिथं नेलं कुणी? तिनंच. पोर आठवीत असताना पोषण आहाराचं तांदळाचं पोतं टेम्पोतून उतरवायला शिपाई सापडेना, तर ही पुढे झाली आणि पोतं पाठीवर घेऊन कोठीत टाकून आली, चपलाही न काढता. रूपा व्हरांड्यात उभी होती. तिला स्वतःचीच पाठ दिसल्यासारखं झालं. त्याच आठवड्यात तिनं पोरीला स्कूटीवर बसवून पुंजाराम सरांकडे नेलं. सर आता म्हातारे झालेत, आता तपासण्या कडक झाल्यात, ते सगळं त्यांनी सोडलंय अशी तिनं स्वतःची समजूत काढली होती. विचारलं नव्हतं, कारण विचारलं असतं तर उत्तर मिळालं असतं. व्यायामशाळेच्या भिंतीवर तिचा पदक घातलेला फोटो होता, आणि रूपाताईसारखं व्हायचं बरं का, असं सर पोरींना सांगायचे. तिला ते आवडायचं. आवडायचं म्हणून ती चार वर्षं गप्प राहिली, दुसरं काही कारण नव्हतं.

तिनं नळ बंद केला, आत गेली, एक बूच घेतलं. थांबून दुसरं घेतलं. मग 'संस्कृती घर' लावला. फोन आईनं उचलला. भागूबाईंशी रूपाचं आजवर एकदाच बोलणं झालं होतं, शाळेत, तेही सांडूभाऊंच्या पाठीआडून.

"संस्कृतीची आई ना? शाळेतून फोन आहे," रूपा म्हणाली. कसं सुरू करावं हे तिला कळेना, आणि दोन बुचांनी जीभ पुढे पळाली. "एकच विचारायचं होतं. तिची पाळी वेळेवर येते का?"

पलीकडे कोंबड्या ओरडत होत्या. मग भागूबाई म्हणाल्या, "कोण रे मुडद्या तू?" आणि फोन आपटला. रूपानं पुन्हा लावला, पुन्हा लावला, उचलला नाही.

"कुणाशी बोलतीस गं?" खाटेवरून आवडाबाईंनी, तिच्या आईनं विचारलं. अठ्ठ्याहत्तरीला आलेल्या आवडाबाईंना आता कुणाचं काही ऐकू येत नाही. टीव्ही, भोंगा, शेजारणीचा उंच गळा, सगळं वाया. रूपा बोलली की मात्र वळून बघतात. तुझं तेवढं कळतं मला, म्हणतात. म्हातारपणी आधी बारीक आवाज जातात, जाड टिकतात, असं डॉक्टरनं सांगितलं होतं. ते ऐकून रूपा तिथंच हसली होती, आणि परत येताना रिक्षात तोंडाला ओढणी लावून रडली होती.

अर्ध्या तासानं पुंजाराम सरांचा फोन आला.

"तूच व्हतीस ना?" सर म्हणाले. "संस्कृतीची आई रडत व्हती फोनवर. कुणी बाप्या फोन करून पोरीची पाळी इचारतोय म्हणली." ते हसायला लागले आणि हसणं खोकल्यात गेलं. सकाळचे अकरा वाजले होते आणि त्यांची जीभ जड झालेली होती. सरांच्या बुचाची बाटली होऊनही आता बरीच वर्षं झाली होती.

"सर, तुम्ही तिला देताय."

"दहा दिवस. राज्य झालं की बंद. राज्याला कोण तपासायला बसलंय?"

"मलाही असंच म्हणाला होतात."

"मंग? नाय केलं बंद?"

"केलं. आणि आवाज?"

"आवाजाचं काय घेऊन बसलीस, रूपा. नोकरी लागली का नाय तुला? तिचा बाप कंत्राटावर हाय, आज हाय, उद्या नाय. पोरीला पोलिसात जायचंय. पदकाबिगर कोण इचारतंय तिला? आवाजानं पोट भरतं का?" मग एकदम आवाज उतरवून म्हणाले, "तिकडं जाऊ नको. तुझ्या पाया पडतो. माझ्याजवळ आता दुसरी पोर नाय."

त्यांना चार शिव्या द्याव्यात असं तिला वाटत होतं, पण एकही ओठावर येईना. म्हातारा खोटं बोलत नव्हता. तिच्या घराची भिंत, आईची औषधं, तिचं मॅडम असणं, सगळं त्या कुपीतूनच आलं होतं. ते नाकारायचं तर उभं कशावर राहायचं? तिनं फोन ठेवला. आईला भाकरी वाढून दिली. पिठाच्या डब्यामागे हात घातला, काढला, पुन्हा घातला. मग तोंडात दोन लवंगा टाकून स्कूटी काढली.

जालना रोडला रविवारचीही गर्दी होती. चिकलठाण्यापर्यंत सिग्नलमागून सिग्नल, पुढे कंपन्यांच्या भिंती, आणि त्यांच्या मधेच कापलेल्या तुरीची रानं. प्रत्येक वळणावर तिला परत फिरावंसं वाटत होतं. काय सांगणार आहेस तू त्यांना? की माझ्यासारखी होऊ नको? माझ्यासारखी व्हावी म्हणूनच तर त्यांनी पोर पाठवली. एका पेट्रोल पंपावर ती थांबली, पेट्रोल भरलं नाही, नुसती सावलीत उभी राहिली. पंपावरचा माणूस म्हणाला, "बोला ताई," आणि ती काहीच बोलली नाही, कारण बोलली असती तर त्यानं मान वर करून बघितलं असतं. एवढ्याशा गोष्टीसाठी आपण पंचवीस वर्षं गप्प बसत आलो, असं तिच्या ध्यानात आलं. मग तिनं गाडी सुरू केली.

भागूबाई दारात तुरी पाखडत बसल्या होत्या. बाईमाणूस बघून त्यांनी पदर सावरला, हसल्या, या म्हणाल्या.

"मी रूपा. संस्कृतीची मॅडम," रूपा म्हणाली.

सूप थांबलं. भागूबाईंनी तिच्याकडे पाहिलं, चेहऱ्याकडे, हनुवटीकडे, मनगटांकडे, मग पुन्हा चेहऱ्याकडे. "सकाळी फोन..."

"मीच होते, ताई."

भागूबाईंनी पदर नाकाशी नेला. लवंगेनं काही झाकलं गेलं नव्हतं.

"व्हय, घेतलीय," रूपा म्हणाली. "ते बी तिथंच शिकले."

हे ती बोलून गेली आणि पुढचं सगळं आपोआप येत गेलं, उन्हात उभ्यानंच, कुणी बस म्हणायच्या आधी. पेला, कुपी, पाळी, घसा. बापानं पेटीची पट्टी खाली घेतली तेही. एवढं सलग ती आयुष्यात कुणाशी बोलली नव्हती. मधेच तिला वाटलं, आपण हे फार सपाट सांगतोय, जरा रडू तरी यायला हवं होतं. पण रडूही जुनं झालं होतं.

"पाळी चार महिने नाय," भागूबाई हळूच म्हणाल्या. "सर म्हणले मेहनतीनं थांबती. मोठा माणूस, आपण काय इचारावं." मग घराकडे मान वळवून म्हणाल्या, "सकाळपासून एक शब्द बोलली नाय ती. तुम्हाला फोन केला तवापासून. जेवली नाय. इचारलं तर नुसती मान हलवती."

संस्कृती उंबऱ्यात उभी होती. केव्हापासून, कुणास ठाऊक. रुंद खांदे, घट्ट बांधलेली वेणी, आणि वरच्या ओठावर जी सावली होती ती रूपाला शाळेत रोज दिसत होती. आज तिनं ती पाहिली.

"मी तुला भाऊ म्हणाले," रूपा म्हणाली. "चेष्टा नव्हती गं. मला खरंच तुझे वडील वाटले."

पोरीनं मान हलवली. डोळे भरले होते, पण तोंड घट्ट मिटलेलं.

"यील ना पण परत?" भागूबाईंनी विचारलं. "सुई थांबवली तर आवाज यील ना माघारी?"

"माझा नाही आला. तिचा आत्ता आहे तेवढा तरी राहील. पाळी येईल."

"आन् पोलिसाचं?"

"ते मला सांगता येत नाही, ताई. मला नोकरी लागली. ती त्याच्यामुळंच लागली, हे खरं आहे."

एक कोंबडी येऊन सुपातल्या तुरी टिपायला लागली, तिला कुणी हाकललं नाही. मग संस्कृती उंबरा उतरून आली, आईच्या मांडीशी पडलेला फोन तिनं उचलला, नंबर लावला आणि स्पीकर चालू केला. घंटी बराच वेळ वाजत राहिली.

"सर," ती म्हणाली. सकाळपासूनचा तो तिचा पहिला शब्द होता.

"बोल रूपा," पुंजाराम सरांचा आवाज आला. मागे पत्र्याखालच्या पंख्याची घरघर होती. "गेली नाहीस ना शेंद्र्याला? हे बघ, तिला काय सांगू नको. तुला तरी कुठं सांगितलं व्हतं मी? तुझ्या बापाला बी नव्हतं सांगितलं. काय बिघडलं? एक आवाज तेवढा गेला. दहा दिवस गप ऱ्हा, रूपा."

भागूबाईंचा हात तोंडावर गेला. संस्कृतीनं रूपाकडे पाहिलं, आणि रूपाला नजर खाली घ्यावीशी वाटली, पण तिनं ती घेतली नाही.

"मी रूपा नाय, सर," पोर म्हणाली.

पंखा घरघरत राहिला. "मंग कोण हाय?" सर म्हणाले. मग पुन्हा, जरा घाबरून, "कोण बोलतंय? ओळखू येईना. कोण हाय तिकडं?"

संस्कृतीनं नाव सांगितलं नाही. भागूबाईंनी सूप बाजूला सारलं, उठून तिच्या हातातून फोन घेतला आणि म्हणाल्या, "माझी पोर हाय."